१७.३ व्होल्ट

पांढरी स्विफ्ट गल्लीतून उलटी येत येत शेडखाली थांबते. डिकी उघडते आणि सगळ्यात आधी बाहेर येतो एक पुठ्ठ्याचा खोका. खोक्यावर ज्वाळा छापल्या आहेत, ज्वाळांच्या मधोमध २००० हा आकडा आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरात 'मॅक्स'. गाडी एम.एच. ०९ ची. मालक पंचविशीच्या आतला, ऊसपट्ट्यातला, खोका छातीशी धरून उभा. शेजारच्या सीटवरून त्याचे आबा उतरतात, टोपी सारखी करतात आणि सावलीतली एकुलती एक बरी खुर्ची हेरून तीत बसतात.

"मामा, दोन हजार वॅट हाय. जोतिबाच्या यात्रेला जायचंय. जाळ अन् धूर संगटच निघाला पायजे."

मामा खोक्याकडे बघतसुद्धा नाहीत. आतला अँप काढतात, आडवा धरतात आणि कडेला खोवलेले दोन फ्यूज दाखवतात.

"ह्ये वाच."

"पंचवीस."

"दोन हायत. म्हंजे पन्नास अँपिअर. गाडी चालू असताना व्होल्ट धर चौदा. गुण."

पोरगा खिशातून मोबाइल काढेपर्यंत खुर्चीतून आवाज येतो, "सातशे."

"बघ, आबांना कळलं. बॅटरीकडनं आत जाणार सातशे. ह्यो एबी क्लासचा अँप, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त आवाजात जातंय, बाकीचं नुसतं तापण्यात. मग बाहेर दोन हजार कुठनं येणार मर्दा?"

खोक्याच्या तळातून मामा एक घडी घातलेला कागद काढतात. खरा आकडा तिथे आहे: चार ओहमवर प्रत्येक चॅनेलला ७५ वॅट, आणि दोन चॅनेल जोडून ब्रिज केले तर २००. पुढच्या दोन चॅनेलांवर दारातले स्पीकर, मागचे दोन ब्रिज करून त्यावर बारा इंची बूफर. सगळं मिळून साडेतीनशे. पोरग्याचा चेहरा उतरतो. साडेतीनशे वॅट चार मीटरसुद्धा लांब नसलेल्या बंद डब्यात म्हणजे काय, याचा अंदाज त्याला अजून नाही. खोक्यावर छापायला मात्र हा आकडा फारच सभ्य आहे, हे कबूल.

हे सगळं चाललंय कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. डावीकडे लेथ आहे, उजवीकडे मिलिंग, समोर कुणीतरी ग्राइंडरवर कास्टिंगच्या कडा घासतोय. कटिंग ऑइलचा आणि गरम लोखंडाचा वास हवेत कायमचा. आवाज बसवायचा धंदा करायला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही, असं मला वाटतं आणि मी तसं बोलूनही दाखवतो. मामा हसतात. "कानानं सेटिंग करणाऱ्याला वाईट. मी कान शेवटी वापरतो."

दहाच्या पान्यानं ते बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवतात. मग पोरग्यानं आणलेल्या किटमधली जाडजूड लाल वायर घेतात, टोक कापतात. बाहेरून अंगठ्याएवढी वायर, आत रबरच जास्त. ब्लेडनं एक तार खरवडली की तांब्याचा रंग निघून जातो आणि खाली पांढरं दिसतं. अॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. असली वायर त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच वीज नीट वाहते. त्याहून जास्त ओढली की व्होल्ट वाटेतच गळतात आणि वायर गरम होते. मामा काही बोलत नाहीत. ती वायर गुंडाळून परत पिशवीत टाकतात आणि भिंतीवरच्या रिळातून फोर गेज तांब्याची वायर मोजून काढायला लागतात. आबा खुर्चीत थोडे पुढे सरकतात. वाव आणि हात मोजण्यात त्यांची नजर पक्की असावी.

बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६० अँपिअरचा फ्यूज बसतो. हा फ्यूज अँपसाठी नाही, गाडीसाठी आहे. बॉनेटपासून डिकीपर्यंत ही वायर पत्र्याच्या कडेकडेनं जाते. कुठे तिचं रबर घासलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, तर सबंध बॅटरी त्या एका जागी मोकळी होते. फ्यूज मागे अँपपाशी लावला तर मधली सगळी वायर उघडीच राहते. म्हणून तो बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर. पोरग्याच्या गाडीत आधी कुणीतरी गावात बसवलेला छोटा अँप होता, त्याला बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. ती जुनी वायर मामा डॅशबोर्डाखालून उपसून काढतात तेव्हा एका ठिकाणी तिचं आवरण पातळ झालेलं दिसतं. मामा ते आबांना दाखवतात, पोराला नाही.

पत्र्यातल्या रबरी ग्रोमेटमधून नवी वायर आत येते, दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून मागे जाते. आरसीए केबल मात्र दुसऱ्या बाजूनं. एकीतून पंचवीस-तीस अँपिअर धावणार, दुसरीतून दोन-चार व्होल्टची नाजूक खूण. शेजारी शेजारी झोपवल्या तर मोठीचं गुरगुरणं धाकटीला ऐकू जातं. टेपमागच्या कपलरमधून निळी-पांढरी रिमोट वायर निघते. टेप चालू झाला की हिच्यावर बारा व्होल्ट येतात आणि अँप जागा होतो. टेप बंद, अँप बंद. हल्ली टेपला टेप म्हणावं असं त्यात काही उरलेलं नाही, नऊ इंची काच आहे आणि आत अँड्रॉइड. पण उद्यमनगरात तो टेपच.

अर्थिंगला मामा सगळ्यात जास्त वेळ घालवतात. डिकीतला कार्पेट उचलतात, मग गाडीखाली टॉर्च मारून बघतात. या गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते आणि घाईत मारलेलं ड्रिल कुठे उतरेल ते सांगता येत नाही. जागा ठरली की तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून घासून पत्रा चकचकीत होईपर्यंत काढतात. सीटबेल्टचा बोल्ट हाताशी आहे, तयार आहे, पोरगा तोच दाखवतो. मामा मान हलवतात. "त्यो जीव वाचवायला हाय." नवा बोल्ट, दातेरी वॉशर, थिंबल दाबून बसवलेली काळी वायर, तीही तेवढ्याच जाडीची आणि हातभरापेक्षा आखूड. वरून ग्रीसचा पातळ हात, गंजू नये म्हणून. जेवढी वीज लाल वायरीतून येते तेवढीच काळीतून परत जाते, ही साधी गोष्ट. तरी मागून काळी बारीक लावलेल्या गाड्या मामांकडे सतत येतात म्हणे.

स्पीकर जोडण्याआधी प्रत्येकाच्या वायरी मीटरला लागतात. ३.६, ३.५. चार ओहमचा स्पीकर मीटरवर नेहमी चाराच्या थोडा खालीच दाखवतो. मग दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर टेकवून बघायचं: पॉझिटिव्ह बरोबर असेल तर पडदा बाहेर येतो, उलटा असेल तर आत जातो. डाव्या दाराचा आत जातो. आधीच्यानं उलटा जोडलेला. एक दार हवा ढकलतंय तेव्हा दुसरं ओढतंय, म्हणजे दोघं मिळून बेस खाऊन टाकतायत. पोरगा सहा महिने हेच ऐकत होता आणि बेस कमी पडतो म्हणून टेपमधला बेस वाढवत होता. बूफर घ्यायची कल्पना तिथूनच आली असणार. मामा वायरी बदलतात, पोरगा म्हणतो, "मग आता बूफर नको?" आणि स्वतःच पटकन म्हणतो, "नाय, पायजेच."

आता मामा सगळे स्पीकर अँपवरून काढून ठेवतात. पोरगा चक्रावतो. इतका वेळ जोडलं ते काढलं?

गाडी चालू होते. अँपच्या पायावर मीटर १३.९ दाखवतो. मामा खिशातला पेन ड्राइव्ह टेपला लावतात. त्यात गाणी नाहीत. एकाच पट्टीतला सलग सूर, त्याच्या वेगवेगळ्या फायली: ४०, ५०, ८०, ४००, १००० हर्ट्झ. मग ते टेपच्या सेटिंगमध्ये शिरतात. इक्वलायझर 'रॉक'वर आहे, लाउडनेस चालू, बेस अधिक सहा, ट्रेबल अधिक पाच. एकेक करून सगळं शून्यावर येतं. पोरगा स्वतःच्या शेताचा बांध कोरला जात असल्यासारखा बघत राहतो, पण गप्प बसतो.

हातात मावणारा एक छोटा ऑसिलोस्कोप मामांच्या ड्रॉवरमधून निघतो. त्याची दोन टोकं टेपच्या आरसीएला लागतात. काचेवर एक गुळगुळीत नागमोडी रेघ सरकायला लागते. टेपचा आवाज ४० पर्यंत जातो. मामा एकेक आकडा वाढवतात: २८, ३०, ३२. रेघ उंच होत जाते, गोल राहते. ३६ वर तिच्या माथ्याला किंचित सपाटी येते. मामा परत ३४ वर येतात. रेघ पुन्हा गोल.

"हितनं फुडं तुझा टेपच खोटं बोलतोय. अँपनं काय करायचं?"

चौतीस हे या गाडीचं छत. अँप आता याच आकड्याला जुळवायचा. अँपवर गेनचे दोन बारीक स्क्रू आहेत, पुढच्या चॅनेलांना एक, मागच्यांना एक. एका टोकाला ६ व्होल्ट लिहिलंय, दुसऱ्या टोकाला ०.२. गाडीवाल्यांपैकी दहातले नऊ जण याला आवाजाचं बटण समजतात, आणि माझ्या मते छापणाऱ्यांनीच त्यांची फसवणूक केली आहे, कारण अनेक अँपांवर तिथे 'मिन' आणि 'मॅक्स' असंच लिहिलेलं असतं. हा स्क्रू आवाज ठरवत नाही. समोरून किती व्होल्टची खूण आली की अँपनं आपली पूर्ण ताकद द्यायची, एवढंच तो ठरवतो. टेप चार व्होल्ट देत असेल तर स्क्रू एका जागी, दोन देत असेल तर दुसऱ्या. पूर्ण ताकद तीच राहते. स्क्रू शेवटपर्यंत पिळला तर ती वाढत नाही, फक्त टेपच्या दहाव्या आकड्यावरच येऊन पोचते, आणि उरलेले चोवीस आकडे नुसते स्पीकर जाळायला मोकळे.

मामा बिलाच्या पाठीवर गणित मांडतात. ७५ वॅट गुणिले ४ ओहम, तीनशे. तीनशेचं वर्गमूळ १७.३. मीटर एसी व्होल्टवर, टोकं पुढच्या चॅनेलला, फिल्टर बंद, ४०० हर्ट्झची फाइल, टेप ३४ वर. असल्या साध्या मीटरचा भरवसा साधारण चारशे हर्ट्झपर्यंतच, म्हणून हजारची फाइल ते वापरत नाहीत. बारीक स्क्रू ड्रायव्हर गेनमध्ये बसतो.

स्पीकरच नाहीत, त्यामुळे आवाज नाही. बाहेर लेथ किंचाळतोय, ग्राइंडर ठिणग्या उडवतोय आणि गाडीत नवीन साउंड सिस्टिम पूर्ण ताकदीनं वाजतेय, फक्त आकड्यांत. ६.२. ९.८. स्क्रू केसभर हलतो. १३.५. पोरगा श्वास रोखून मीटरकडे बघतोय, आबा उठून त्याच्या मागे उभे राहिलेत. १६.९. १७.३.

मामा हात काढून घेतात.

"झालं?"

"झालं."

"मामा, अवो स्क्रू निम्म्यावरबी न्हाई!"

"मग?"

"अजून एवढा हाय की फिरायला!"

मामा वाद घालत नाहीत. मीटर काढून तिथे ऑसिलोस्कोप लावतात आणि स्क्रू मुद्दाम पुढे पिळतात. नागमोडी रेघ उंचावते, उंचावते आणि एका ठिकाणी तिचा माथा छाटला जातो. अजून पिळला तर वर सरळ पठार, खाली सरळ पठार, मधे उभे कडे. पाचगणीचं टेबललँड. अँपला जेवढे व्होल्ट देता येतात तेवढे देऊन झालेत. पुढचं मागितलं की तो शिखर कापून देतो. ऐकणाऱ्याला वाटतं आवाज वाढला, कारण कर्कश झाला. आणि ताकद तर खरंच वाढलेली असते, हीच यातली मेख. तेवढ्याच उंचीची गोल लाट ७५ वॅट देत असेल, तर पूर्ण चौकोनी झालेली लाट १५० देते. दुप्पट. स्पीकर ७५ चा. वर त्या छाटलेल्या कडांमधून मुळात नसलेले उंच सूर तयार होतात आणि ते ट्विटरच्या वाट्याला जातात, ज्याची कॉइल केसासारख्या तारेची असते. म्हणून आधी ट्विटर जातो, आणि माणूस म्हणतो की स्पीकर हलका होता.

फळीवरून मामा बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढून पोरग्याच्या हातात देतात. आत जळलेल्या कॉइल आहेत. तांब्याचे वेढे काळे पडलेले, कागदी नळी तपकिरी, काहींची तार सुटून पिंजारलेली. झाकण उघडल्यावर येणारा वास एकदा घेतला की विसरत नाही. पोरगा एक उचलतो, बघतो, दुसरी उचलतो.

"ह्यातली एक तुझी हाय. मागल्या महिन्यातली."

डबा बंद होतो. स्क्रू परत १७.३ वर.

बूफरचं गणित तसंच: २०० गुणिले ४ आठशे, वर्गमूळ २८.३. फाइल ५० हर्ट्झची. पण त्याआधी मामा एक हुशारी करतात, जी मला फार आवडते. टेपमध्ये बूफरची स्वतंत्र पातळी आहे, उणे दहापासून अधिक दहापर्यंत. मामा ती आधी अधिक दहावर नेऊन ठेवतात आणि मग गेन बसवतात. सेटिंग झाल्यावर ती शून्यावर आणतात. आता पोरग्यानं प्रवासात कितीही बोटं चालवली तरी ती फार तर मामांच्या रेषेपर्यंत पोचतील. त्याला वर न्यायला जागा ठेवली आहे आणि ती जागा मोजून ठेवली आहे.

"बास बूस्ट?" पोरगा अँपवरच्या तिसऱ्या खटक्याकडे बोट दाखवतो. ४५ हर्ट्झ, शून्य ते अधिक १२ डीबी.

"बारा डीबी म्हंजे किती पट म्हाईत हाय?"

पोरगा आबांकडे बघतो. या खेपेला आबांनाही माहीत नाही.

"तीन डीबीला दुप्पट. सहाला चौपट, नऊला आठ, बाराला सोळा. दोनशेच्या सोळा पट कर."

"बत्तीसशे," आबा.

"एवढं हाय ह्याच्याकडं?"

नाही. म्हणून खटका शून्यावर राहतो. बूफरला लो पास ८० हर्ट्झवर: ऐंशीच्या वरचं त्याच्याकडे जाऊच द्यायचं नाही. दारातल्या स्पीकरांना हाय पास, तोही ८० वर: खालचं त्यांच्याकडे जाऊ द्यायचं नाही. साडेसहा इंची पडद्यानं चाळीस हर्ट्झ हलवायला जाणं म्हणजे फुकटचे धक्के. ते ओझं काढलं की तेच स्पीकर मोकळा आवाज देतात. अँपमधले हे फिल्टर भिंतीसारखे उभे नसतात, उतारासारखे असतात, दर सप्तकाला १२ डीबी. म्हणून दोन्हीकडून उतार ऐंशीपाशी एकमेकांत मिसळतात.

गल्लीच्या टोकाला कुणीतरी डॉल्बीवाला टेम्पो उभा करून चहा पितोय. मागे स्पीकरची भिंत ताडपत्रीनं झाकलेली. तो येऊन डोकावतो, अँप बघतो, गेनचा स्क्रू बघतो. "मामा, तीन डीबीची सूट देत न्हाई का? जुनी गाणी बारीक लागतील." त्याचं खरं आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांत पातळी कमी असते, शिखरं क्वचित वर जातात. त्यासाठी मुद्दाम हळू आवाजाची फाइल लावून गेन थोडा पुढे ठेवणारे चांगले कारागीर आहेत. मामा पोरग्याला विचारतात, "काय ऐकतोस?" पोरगा मोबाइलमधली यादी दाखवतो. सगळे रिमिक्स, सगळे काठोकाठ भरलेले. काहींची लाट तर मुद्रणातच छाटलेली. "ह्येला कसली सूट?" डॉल्बीवाला हसतो आणि चहाकडे परत जातो.

स्पीकर पुन्हा जोडले जातात. गाडी चालूच आहे. टेपचा आवाज शून्यावर, आणि तरीही दारातून एक बारीक शिटी येते. पोरगा अॅक्सिलरेटर दाबतो, शिटी चढते. सोडतो, उतरते. त्याचं तोंड एवढंसं होतं.

मामा मात्र पहिल्यांदाच खुश दिसतात. अल्टरनेटर तीन फेजची वीज तयार करतो, डायोड तिला सरळ करतात, पण पुरती सरळ नाही. थोडी लहर उरते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिचा सूर चढतो. ती लहर आवाजात कुठून घुसते हे शोधायचं. मामा अँपमागच्या आरसीए काढतात. शिटी बंद. म्हणजे अँप निर्दोष, घाण पुढून येतेय. मीटर डीसीवर, एक टोक टेपच्या अर्थला, दुसरं अँपच्या अर्थला: १८० मिलिव्होल्ट. दोन्ही जागा एकाच पत्र्याला जोडलेल्या असतील तर इथे जवळजवळ काही दिसायला नको. डॅशबोर्ड पुन्हा उघडतो. टेपची काळी वायर आधीच्यानं एका ब्रॅकेटच्या स्क्रूखाली दाबलेली आहे, रंगावरून, रंग न खरवडता. मामा ती सोडवून स्टिअरिंगखालच्या जाड लोखंडी आडवणीवर, घासलेल्या जागेवर घेतात. मीटर ८ मिलिव्होल्ट. आरसीए जोडतात. अॅक्सिलरेटर. काही नाही. पुन्हा अॅक्सिलरेटर. लेथ तेवढा ऐकू येतो.

हा प्रकार बाजारात फिल्टरचा एक डबा विकून मिटवतात. डबा आरसीएच्या मधे बसतो, शिटी जाते, सोबत थोडा बेसही जातो. शंभरातल्या बऱ्याच गाड्यांत तो डबा एका न खरवडलेल्या रंगाची किंमत असतो.

आता काच वर, दार बंद, आणि कानांची पाळी. बूफरच्या पेटीचं तोंड कुठे वळवायचं, तो सुलटा लावायचा की उलटा, हे मीटर सांगत नाही. पन्नास हर्ट्झची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ही गाडी तिच्याहून आखूड. लाट इथे पुरती उलगडतच नाही, पत्र्यांवर आपटून स्वतःलाच भेटते. मामा पोरग्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवतात, ८० हर्ट्झची फाइल लावतात आणि मागून बूफरच्या दोन वायरी उलटसुलट करतात. "पयला का दुसरा?" पोरगा डोळे मिटतो. दुसऱ्यात आवाज मागून येत नाही, समोर डॅशबोर्डवर येऊन बसतो. दुसरा.

नंबरप्लेट खडखडते. तिच्यामागे फोमची पट्टी. डिकीचं झाकण गुणगुणतं; आतून डॅम्पिंग शीटचे तुकडे. हे काम पोरग्याला लगेच कळतं, तो स्वतः शीट कापून देतो.

मग मामा स्वतःचं एक रेकॉर्डिंग लावतात. नुसती ढोलकी आणि तुणतुणं, कुठल्याशा फडावरचं. पुडीचा टणकार दारातून येतो, धुमाचा घुमारा खालून, आणि दोन्ही एकाच वाद्यातून निघतायत असं वाटतं. तसं वाटलं नाही तर बूफर थोडा कमी करायचा, मामांचा हा शेवटचा ताळा. पातळी एका घरानं खाली येते. आबा मागच्या सीटवर बसलेत. त्यांचा हात गुडघ्यावर आपोआप चालू झालाय, आणि ठेका बरोबर आहे.

मग पोरग्याचा रिमिक्स. ३४ वर. छातीवर थाप बसते, आरसा धूसर होतो, माझ्या स्टुलावरचा चहाचा पेला सरकतो. समोरचा ग्राइंडरवाला मशीन बंद करून बघायला येतो, आणि इथे हा मोठाच मान. तिथे उभं राहून पाच मिनिटांत माझे कान भरून येतात. कामगारांच्या कानांसाठी जे मोजमाप वापरतात त्यात ८५ डीबीला आठ तास, आणि दर तीन डीबीला वेळ निम्मा. १०० डीबीला पंधरा मिनिटं. या गाडीत १०० सहज ओलांडले जातायत. मामा कानात बोटं घालून उभे आहेत, अगदी उघडपणे.

"मामा, अजून एक बूफर लावला तर?"

"ह्या अँपवर न्हाई. दोन जोडलेस तर दोन ओहम हुतंय. ब्रिजमधी एकेका चॅनेलला एकच ओहम दिसतंय त्यातलं. अँप तापून बंद पडंल न्हाईतर मरंल."

नेलपॉलिशची लाल बाटली निघते. दोन्ही गेनच्या स्क्रूंवर एकेक थेंब. आता कुणी फिरवलं तर रंग तडकेल आणि कळेल. बिलाच्या पाठीवर, जिथे गणितं केली होती तिथेच, मामा चार आकडे नीट पुन्हा लिहितात: ३४, १७.३, २८.३, ८०. "उद्या दुसऱ्या कुणाकडं गेलास तर ह्यो कागद दाव. मीटर असंल त्याच्याकडं तर त्याला समजंल. नसंल तर गाडी माघारी घे."

पोरगा कागदाचा फोटो काढतो. कागद आबा घेतात, पाठीवरचे आकडे वाचतात, मग उलटा करून पुढची बाजू वाचायला लागतात. बोट एका ओळीवर थांबतं.

"ही वायर कशी लावलीया?"

"तांबं हाय, आबा. मीटरवर मोजून दिलंय."

"म्या बघितलं की मोजताना. साडेचार मीटर गेली. हितं पाच लिवलंय."

मामा कागद परत घेतात, चष्मा लावतात.